५५० ची एसएसडी २७० वर अडकली असेल तर आधी पोर्ट बघा

नमस्कार. जुन्या डेस्कटॉपमध्ये नवी साटा एसएसडी (साटा म्हणजे ड्राइव्ह बोर्डला जोडायची पद्धत) बसवली, खोक्यावर वेग सेकंदाला ५५० एमबी लिहिलाय, वेग मोजणारा क्रिस्टलडिस्कमार्क हा प्रोग्रॅम मात्र दर वेळी २७२ दाखवतो. विंडोज दोनदा नव्याने टाकून झालं आणि आता ड्राइव्ह वॉरंटीत पाठवायचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. वाचून पोटात गोळा आला. माझा आकडा २७८ होता आणि पुढचं सगळं हेच. कृपया आज कुरियर करू नका.

बिघडलेली ड्राइव्ह अशी एका आकड्याला चिकटून राहत नाही. ती मध्येच अडखळते, कधी ४०० देते, कधी ४०. दर वेळी त्याच ठिकाणी थांबत असेल तर तिला वाटेत काहीतरी अडवतंय. साटाच्या दुसऱ्या पिढीत सेकंदाला ३ गिगाबिट जातात, एका बाइटमागे १० बिट खर्च होतात, म्हणजे ३०० एमबी. त्यातून देवघेवीचा वरखर्च गेला की उरतात २७०-२८०. तिसऱ्या पिढीत हेच गणित ६ गिगाबिटचं, हाती येतात साधारण ५५०. तुमची एसएसडी दुसऱ्या पिढीच्या पोर्टमध्ये आहे असं मी जवळजवळ खात्रीने सांगतो. जवळजवळ एवढ्यासाठी, की तुमचा मदरबोर्ड मी पाहिलेला नाही.

दोन मिनिटांत कळेल. क्रिस्टलडिस्कइन्फो हा ड्राइव्हची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा आणि ‘ट्रान्सफर मोड’ची ओळ वाचा. ‘साटा/३०० | साटा/६००’ असं दिसलं तर डावीकडचा आकडा आत्ता मिळणारा वेग, उजवीकडचा ड्राइव्हला झेपणारा. ही ओळ मला तेव्हा माहीत असती तर पुढचं काही झालंच नसतं.

मी पोर्ट तपासला नव्हता असं नाही. कॅबिनेट उघडलं, मोबाइलचा टॉर्च मारला. बोर्डच्या कडेला सहा पोर्ट, दोन करडे आणि चार निळे. माझी केबल निळ्यात होती आणि त्याच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: साटा३जी_३. मी वाचलं ‘साटा ३’, म्हणजे तिसरी पिढी, आणि झाकण लावून टाकलं. तिथल्या ‘३जी’चा अर्थ ३ गिगाबिट होता, म्हणजे दुसरी पिढी! शेवटचा ३ हा नुसता पोर्टचा क्रमांक. तिसऱ्या पिढीच्या पोर्टवर साटा६जी लिहिलेलं होतं. काही कंपन्या मात्र तिसऱ्या पिढीच्याच पोर्टला साटा३ म्हणतात, त्यामुळे अक्षरांवर किंवा रंगावर विसंबू नका. बोर्डच्या मॅन्युअलमधला तक्ता बघा, तोच खरा.

या एका वाचनचुकीवर मी पुढचे दोन महिने घालवले. कंपनीच्या सेवा केंद्राला ठामपणे सांगितलं, ‘पोर्ट तपासलाय, साटा ३ आहे.’ त्यांनी ना बोर्डचं मॉडेल विचारलं, ना पोर्टचा फोटो मागितला. फक्त फॉर्म भरून घेतला. डेटाची जबाबदारी आमची नाही, असं त्यात खाली लिहिलेलं होतं. नुसता वेग मोजणार आहेत, डेटाला काय होणार, असं समजून मी सही केली. १९ दिवसांनी ड्राइव्ह परत आली ती कोरी, सोबत एका ओळीचा कागद: ‘तपासले, दोष आढळला नाही.’ माझा शेवटचा बॅकअप ड्राइव्ह पाठवण्याच्या तीन आठवडे आधीचा होता. त्यानंतर केलेलं सगळं व्हिडिओ एडिटिंग गेलं.

डेटाबद्दल मी स्वतःलाच दोष देतो. पण त्या कागदाचा राग अजून जात नाही. त्यांच्या मशीनवर ती ड्राइव्ह पूर्ण वेगाने चालली असणार, नाहीतर दोष नाही असं लिहिलं नसतं. तो आकडा तेवढा लिहिला असता तर घोळ माझ्या बोर्डात आहे हे मला त्याच दिवशी कळलं असतं. मी भांडून पुन्हा पाठवली, त्यांनी बदलून दिली. नवी ड्राइव्ह, वेगळा सीरियल नंबर, आणि वेग पुन्हा २७८. दोन वेगळ्या ड्राइव्ह एकाच आकड्यावर थांबतात हे पाहिल्यावर मी मॅन्युअल उघडलं.

तुम्ही काय करायचं? आधी बॅकअप, आजच. मग मशीन बंद करून, पॉवर केबल काढून एसएसडी ६ गिगाबिटच्या पोर्टमध्ये लावा. तिथे हार्डडिस्क असेल तर तिला जुन्या पोर्टमध्ये हलवा. फिरत्या डिस्कला ३ गिगाबिट भरपूर होतात, तिचं काही बिघडत नाही. तुमचा बोर्ड २०११-१२ च्या सुमाराचा असेल तर काही ६ गिगाबिटचे पोर्ट वेगळ्या जादा चिपवर असू शकतात. ते बहुधा पूर्ण वेग देत नाहीत, चिपसेटचेच (बोर्डच्या मुख्य चिपचे) पोर्ट वापरा. इंटेलने २०११ च्या सुरुवातीला सहा-मालिकेच्या चिपसेटमधला एक दोष जाहीर केला होता. तो नेमका ३ गिगाबिटच्या पोर्टचा होता, ते काळाच्या ओघात खराब होऊ शकत होते. त्या पहिल्या खेपेतला बोर्ड असेल तर तिथे महत्त्वाची ड्राइव्ह नकोच.

पोर्ट बरोबर असूनही ३०० दिसलं तर केबल बदला. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये सी७ क्रमांकाची सीआरसी चुकांची, म्हणजे डेटा वाटेत बिघडल्याच्या नोंदींची, ओळ असते. तो आकडा वाढत असेल तर बहुतेक वेळा केबलच दोषी असते. जुना आकडा शून्यावर येत नाही, तो पुढे वाढतोय का एवढंच बघायचं.

बोर्डवर ६ गिगाबिटचा पोर्टच नसेल (एच६१ चिपसेटमध्ये नसतो) तर माझं मत स्पष्ट आहे: आहे तशी वापरा. स्वस्त विस्तार कार्डाच्या नादी लागू नका. विंडोज सुरू होणं, प्रोग्रॅम उघडणं हे छोट्या-छोट्या वाचनांवर चालतं. क्रिस्टलडिस्कमार्कच्या चाचणीतली सर्वांत खालची ४के (४ केबीच्या तुकड्यांची) ओळ बघा, तिथे ३०-४० एमबी हे ठीकठाक आहे आणि दुसऱ्या पिढीचा पोर्ट त्याला अडवत नाही. मोठ्या फाइल रोज हलवणाऱ्यालाच फरक जाणवेल.

बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) साटासाठी आयडीई हा जुना मोड दिसला तर तो एकदम एएचसीआय या नव्या मोडवर नेऊ नका, विंडोज सुरूच होणार नाही अशी पाळी येऊ शकते. आधी विंडोज सेफ मोडमध्ये (मोजक्याच ड्रायव्हरवर) सुरू होईल अशी सोय करून मगच बदला.

एक इशारा: हे सगळं साटा ड्राइव्हबद्दल आहे. वेग आधी चांगला मिळून मोठी फाइल कॉपी करताना मध्येच कोसळत असेल तर ती कॅशे (ड्राइव्हमधली वेगवान तात्पुरती जागा) भरल्याची गोष्ट, तिचा उपाय वेगळा.

पोर्ट बदलल्यावर ट्रान्सफर मोडची ओळ काय म्हणते ते लिहा. डावीकडे अजूनही ३०० असेल तर बोर्डचा मॉडेल नंबर द्या, मॅन्युअलमधला तक्ता मी शोधून देतो.