आईच्या हाताला मालिश की ऑपरेशन? आधी अंगठ्याचा उंचवटा बघा

ताई, वाळपईला आईंचा उजवा हात रात्री बधिर होतो, डॉक्टरांनी कार्पल टनेल सांगून ऑपरेशन सुचवलंय, शेजारच्या म्हणतात मालिशनं जाईल, मग करावं काय, असं तुम्ही विचारलंत. आईंना डायबेटीस आहे हे तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय. मी तर तिथूनच सुरुवात करेन.

मी फोंड्यात ३० वर्षं शिवणकाम करते. दोन्ही हातांना हे दुखणं झालं. उजवा हात फिजिओथेरपीनं सुधारला, डाव्याचं ऑपरेशन करावं लागलं.

मनगटात हाडांची खोबण असते आणि तिच्यावर जाड पट्टा. त्या बोगद्यातून, म्हणजे कार्पल टनेलमधून, बोटं मिटणाऱ्या ९ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि मीडियन ही नस जाते. कंडरांवरचं आवरण सुजलं की नस दाबली जाते. म्हणून अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी सुटते, कारण तिची नस वेगळी. आईंची करंगळीही बधिर होत असेल किंवा तळपायांनाही मुंग्या येत असतील, तर डायबेटीसमुळे नसांवर झालेला परिणाम वेगळा तपासायला हवा. नसेची तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन, झाली नसेल तर आधी ती करून घ्या. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, न्यूरॉलॉजीला दाखवा.

आता मालिश. तेल लावून मनगट रगडणं आणि मॅन्युअल थेरपी, म्हणजे फिजिओथेरपिस्ट हातानं करतात ते उपचार, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. मीही आधी एका मालिशवाल्याकडे गेले होते. त्यानं दुखऱ्या जागेवरच अंगठा रोवला आणि त्या रात्री मी हात झटकत बसून काढली. नंतर ज्या फिजिओथेरपिस्ट मिळाल्या त्यांनी आधी मान तपासली, मग कोपराखालचे स्नायू सैल केले, मनगटाची बारीक हाडं हलक्या हातानं सरकवली. शेवटी नस सरकवण्याचा व्यायाम शिकवला: हात बाजूला पसरून, कोपर आणि मनगट ठरावीक क्रमानं वाकवायचं आणि सोडायचं. मुंग्या वाढल्या की तिथंच थांबायचं. हा व्यायाम जोर लावून करणारे स्वतःचं नुकसान करून घेतात.

याला आधारही आहे. स्पेनमध्ये १०० बायकांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना आठवड्यातून एकदा अशी ३ सत्रं मॅन्युअल थेरपी आणि घरचे व्यायाम दिले. महिन्याभरानं थेरपीवाल्यांचा हात जास्त चालत होता, वर्षभरानं दोन्ही गट सारखेच. महिन्याचा फरक मला फार मोठा वाटत नाही, ऑपरेशननंतर तळहात काही आठवडे दुखतोच. वर्षभरानंतरची बरोबरी मात्र महत्त्वाची. पण डायबेटीस किंवा थायरॉईडमुळे हे दुखणं झालेल्या बायका त्या अभ्यासात घेतल्याच नव्हत्या. तेव्हा तो निकाल आईंना जसाच्या तसा लावू नका.

माझ्या डाव्या हातानं काय शिकवलं ते सांगते. अंगठ्याखालचा मांसल उंचवटा हळूहळू बसत चालला होता. सुई हातातून निसटायची. मी म्हटलं, वय झालं. दाखवलं तेव्हा नस बराच काळ दाबलेली होती आणि थेरपीची वेळ टळून गेली होती. ऑपरेशनमध्ये मनगटातला तो जाड पट्टा कापतात, तेवढा भाग बधिर करून. रात्रीच्या मुंग्या लगेच गेल्या, पण उंचवटा पूर्वीसारखा भरला नाही. हे आईंच्या बाबतीत होऊ देऊ नका.

दोन्ही तळहात शेजारी धरून उंचवटे बघा. एक बाजू चपटी दिसत असेल किंवा बधिरपणा दिवसभर राहत असेल, तर थेरपीवर महिने घालवू नका, सर्जनना भेटा. उंचवटा शाबूत आणि त्रास मुख्यतः रात्री असेल, तर डॉक्टरांना सांगून ६ आठवडे थेरपी आणि रात्री मनगटाला बाहेरून बांधायचा पट्टा (स्प्लिंट) करून बघायला हरकत नाही. पट्ट्यात मनगट सरळ राहायला हवं. बाजारातल्या कित्येक पट्ट्यांची पत्र्याची पट्टी वर वाकलेली असते, ती सरळ करून घ्या. स्टिरॉईडचं इंजेक्शन सुचवलं तर त्यानं काही दिवस साखर वाढते, तेव्हा डायबेटीसच्या डॉक्टरांना आधी विचारा. आणि तोवर नारळ खवणं, चतुर्थीच्या नेवऱ्यांचं पीठ मळणं दुसऱ्या कुणीतरी करावं.

आज आईंना ब्लाउजचे हूक लावायला सांगा. जमतात का आणि करंगळीचं काय, ते इथंच कळवा.