पुढच्या व्हर्जनकडून किती अपेक्षा ठेवायची? ट्रेन सिम्युलेटर प्रश्नोत्तरे

प्रश्न: नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी मोठ्या स्टेशनात शिरताना गेम अडखळतोच. पुढच्या अपडेटमध्ये हे जाईल का?

आधी एक करून बघा. त्याच स्टेशनात गाडी उभी करा, फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो) लिहून ठेवा, मग रिझोल्यूशन निम्मं करा. आकडा जागचा हललाच नाही, तर कार्ड रिकामं बसलंय आणि प्रोसेसरचा एकच कोअर (त्याच्या अनेक गणन-भागांपैकी एक) सगळा भार ओढतोय. जुन्या गेम इंजिनांत सिग्नल, इतर गाड्या, देखावा असं बरंचसं काम एकाच थ्रेडवर, म्हणजे एकाच कोअरवर एकामागून एक, चालतं. ‘ट्रेन सिम्युलेटर 2019’ला 64-बिट आवृत्ती मिळाली तेव्हा अनेकांना वाटलं, आता सगळं सुरळीत होणार. पण 32-बिट प्रोग्रामला 4 जीबीच्या पुढची मेमरी वापरता येत नाही, ती अडचण तेवढी सुटली. मेमरी भरून गेम बंद पडणं कमी झालं, कोअरवरचा भार तसाच राहिला. तो हलका करायचा तर सावल्या आणि देखाव्याची दाटी कमी करा.

प्रश्न: एका लांब रूटवर सुरुवातीला सगळं छान असतं, शंभरेक किलोमीटरनंतर कॅब थरथरायला लागते. रूट बनवणाऱ्याची चूक का?

बहुधा नाही. गेम गाडीची जागा आकड्यात साठवतो, आणि 32-बिट दशांश आकड्यात नकाशाच्या मूळ बिंदूपासून 100 किलोमीटरवर जागा साधारण 8 मिलिमीटरच्या टप्प्यांनीच सांगता येते. डोळ्यासमोरच्या डायलला तेवढा धक्का पुरतो. मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरने 2001 मध्येच जमिनीचे 2048 मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला स्वतःचं मोजमाप दिलं होतं. ही सोय गेमच्या पायातच असावी लागते, रूट बनवणाऱ्याला ती वरून जोडता येत नाही.

प्रश्न: मालगाडीला ब्रेक लावला की सगळे डबे एकदम थांबायला लागतात. खऱ्यासारखं कधी होणार?

हा माझ्या सर्वात जिव्हाळ्याचा प्रश्न. युरोपीय पद्धतीत ब्रेक पाईपमध्ये 5 बार दाब असतो आणि तो कमी केला की ब्रेक लागतात. दाब उतरल्याची खबर पाईपमधून आवाजाच्या वेगापेक्षा जास्त वेगाने जाऊ शकत नाही. म्हणजे 700 मीटरच्या गाडीत शेवटच्या डब्याला ती निदान दोन सेकंद उशिरा कळते. त्यानंतर चाकांवर ब्रेक दाबणारा सिलिंडर हवेने भरायचा. प्रवासी गाडीच्या पद्धतीत त्याला 3 ते 5 सेकंद लागतात, मालगाडीच्या पद्धतीत 18 ते 30. मालगाडीत हे मुद्दाम सावकाश ठेवलंय, नाहीतर मागचे डबे पुढच्यांवर येऊन आदळतील. सोडतानाही घाई चालत नाही, 45 ते 60 सेकंद जातात. उतारावर ब्रेक सोडून लगेच पुन्हा लावायला गेलात की पाईप अजून भरलेला नसतो, आणि वेगाचा काटा वर सरकताना बघत बसावं लागतं. मला तरी सिम्युलेटरचा खरा आनंद त्या अर्ध्या मिनिटात मिळतो.

आता तुमच्या तक्रारीचं. ओपन रेल्स या प्रोग्रामला (मायक्रोसॉफ्टच्या जुन्या गेमचे रूट आणि गाड्या चालवणारा, स्वयंसेवकांनी बनवलेला) हे प्रत्येक डब्यागणिक मोजता येतं. पण डब्याच्या फाइलमध्ये आकडेच चुकीचे असतील तर तो तरी काय करणार? ही फाइल साधा मजकूर असते. डब्याच्या फोल्डरमध्ये ‘ओपनरेल्स’ नावाचं (इंग्रजीत, एकसंध) फोल्डर करा, त्यात त्याच नावाची छोटी फाइल ठेवा, तिच्यात ‘इन्क्लूड’ या आज्ञेने मूळ फाइल ओढून घ्या आणि ब्रेकचे आकडे तेवढे बदला. मूळ फाइलला धक्का लागत नाही. पुढच्या व्हर्जनची वाट बघण्यापेक्षा एका संध्याकाळीत जास्त फरक पडेल.

प्रश्न: इतकी डागडुजी करण्यापेक्षा सगळं नव्याने का लिहीत नाहीत?

मायक्रोसॉफ्टने आपल्या ट्रेन सिम्युलेटरचा दुसरा भाग दोनदा हाती घेतला. एकदा 2004 मध्ये थांबवला, दुसऱ्यांदा 2009 मध्ये स्टुडिओच बंद झाला. पैसा आणि माणसं असलेल्या कंपनीची ही गत. ओपन रेल्सच्या स्वयंसेवकांनी दुसरी वाट धरली: रूट आणि गाड्या जुन्याच, चालवणारा प्रोग्राम नवा. त्यामुळे वीस वर्षांपूर्वी कुणीतरी रात्री जागून बांधलेला रूट आजही चालतो. पण जुन्या रूटवरचं, एकमेकांत खोचलेल्या दोन चपट्या चित्रांचं झाड नव्या प्रकाशातही चपटंच दिसणार. ‘ट्रेन सिम वर्ल्ड’ या गेमने अनरियल या नव्या गेम इंजिनवर कोरी सुरुवात केली. तिथे कॅबमधला एकेक स्विच देखणा आहे, पण ‘ट्रेन सिम्युलेटर’साठी घेतलेले अ‍ॅड-ऑन तिथे चालत नाहीत. जुना संग्रह जपायचा की नवं रूप हवं, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. मी संग्रहाच्या बाजूचा आहे.

प्रश्न: एकेरी मार्गावर समोरची गाडी आणि मी, दोघंही लाल सिग्नलला अडकून बसतो. हे कधी सुधारणार?

पुष्कळदा दोष वेळापत्रकाचा असतो. दोन्ही गाड्यांच्या मार्गात क्रॉसिंगची लूप (एक गाडी बाजूला थांबवायचा जादा रूळ) दिलेली आहे का, आणि लांब गाडी त्या लूपमध्ये मावते का, एवढं तपासा.

प्रश्न: चूक कळवली तर कुणी दखल घेतं का?

‘सिग्नल बिघडलाय’ एवढंच लिहिलंत तर घेणार कशी? रूटचं नाव, व्हर्जन, अडकण्याच्या मिनिटभर आधीचा सेव्ह आणि लॉग फाइल (गेमने केलेली स्वतःच्या कामाची नोंद) द्या. ओपन रेल्स ही लॉग फाइल एरवी डेस्कटॉपवरच ठेवतो. पुन्हा गेम सुरू करण्याआधी तिची प्रत काढून घ्या, नाहीतर तिच्यावर नवी लिहिली जाते.