पगाराच्या सहा दिवस आधी

जुलै लागला की माझ्याकडे सल्ल्यासाठी एकाच तऱ्हेचे आईबाप यायला लागतात. उन्हाळ्यात रोजगार मेळाव्यात पोराची निवड झालेली असते, गावात पेढे वाटून झालेले असतात आणि महिना भरायच्या आत पोरगा बॅग घेऊन दारात उभा. मग तक्रार ठरलेली: "मॅडम, आमचा पोट्टा कुठीच टिकत नाही. तुमी त्याले समजावून सांगा."

समजावून सांगण्यासारखं त्यात फार थोडं असतं. आधी समजून घ्यावं लागतं, आणि तेवढा दम बापाला नसतो. त्याचंही चूक नाही. नोकरी नसलेल्या पोराला इकडे आता मुलगी कोणी देत नाही. त्यामुळे पोरगा परत आला की बापाच्या डोळ्यांसमोर एकटी नोकरी जात नाही, पुढची दहा वर्षं जातात.

सुरज (नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत) यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातला. पाच एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. आयटीआय इलेक्ट्रिशियन, मार्क चांगले. मेळाव्यातून पुण्याजवळ चाकणला कारखान्यात लागला आणि वीसेक दिवसांत परत आला. नंतर बापाने तालुक्यात मोबाइलच्या दुकानात ठेवला, तेही त्याने सोडलं. दुकानात महिन्याला ४,००० रुपये मिळत, काम दहा तास, शिवाय मालकाच्या घरचं दळण आणणं वेगळं. ते सोडण्यात मला काही गैर दिसलं नाही, त्यामुळे त्या विषयात मी शिरलेच नाही. प्रश्न चाकणचा होता.

बाप बोलत होता, "याच्याच बरोबरीचा शेजारचा पोट्टा दोन वर्षं झाले पुण्यात आहे. त्याले जमते, मंग याले काहून नाही जमत?" सुरज खाली मान घालून चपलेचा अंगठा दाबत बसला होता. मी वडिलांना चहा प्यायला पाठवलं. आमच्या खोलीबाहेर चहाची टपरी आहे. माझं निम्मं काम ती टपरीच करते.

"काम कसं होतं?"

"बरोबर नव्हतं, मॅडम."

पुढे काहीच नाही. अशा वेळी 'का सोडलंस' विचारून उपयोग नसतो. ते त्याला घरात, चौकात, देवळाच्या ओट्यावर सगळ्यांनी विचारलेलं असतं आणि त्याने सांगायला एक उत्तर तयार ठेवलेलं असतं. म्हणून मी घड्याळ धरून एक दिवस विचारते. सकाळी कितीला उठायचास? आंघोळीला नंबर किती वेळाने लागायचा? कंपनीची बस कुठून? पहिला चहा कुठे, पैसे कोण द्यायचं? असं विचारलं की पोरं बोलतात. नोकरीबद्दल बोलताना लाज वाटते, चहाबद्दल वाटत नाही.

खोली महाळुंग्याला होती, पोरं सात. तीन शिफ्ट असल्यामुळे गाद्या चारच, एक उठला की दुसरा त्याच गादीवर. बस पहाटे पावणेसहाला. लाइनवर उभं राहून वायरिंगच्या क्लिपा बसवायच्या. इलेक्ट्रिशियन म्हणून गेलेला पोरगा ठेकेदाराच्या पेरोलवर हेल्पर झाला होता. हे त्याला खटकलं होतंच. एकदा क्लिप राहिलेले पीस पुढे गेले आणि सुपरवायझरने सगळ्यांसमोर झापलं. नीट कसं बसवायचं ते विचारावं, तर 'मले समजलं नाही' म्हटल्यावर लाइनवरची पोरं हसली होती. त्यानंतर तो काही विचारेना.

इथवर ऐकून बरेच जण निदान करून मोकळे होतात: आत्मविश्वास कमी. मला ते पटेना. झापल्यावरही तो पुढे दहा-अकरा दिवस कामावर जात होता. अपमान झाला त्या दिवशी तो निघाला नाही. मग त्या शेवटच्या दिवशी वेगळं काय झालं?

"रविवारी मेस संध्याकाळी बंद राहाते," तो म्हणाला आणि थांबला.

मी कोरा कागद आणि पेन त्याच्यापुढे सरकवलं. घरून किती नेले होतेस? त्याने स्वतःच मांडलं. नेले ५,०००. ट्रॅव्हल्सचं तिकीट १,१००, खोलीचं डिपॉझिट १,५००, मेसचे आगाऊ १,८००. हातात उरले ६००. त्यात मोबाइलचा रिचार्ज, साबण, चहा. दुसऱ्या आठवड्यात ताप आला, खासगी डॉक्टरने सुई आणि गोळ्यांचे ३५० घेतले. कामावर रुजू १४ जूनला. पगार पुढच्या महिन्याच्या १० तारखेला, तोही जूनच्या सतरा दिवसांचाच. ४ जुलैच्या रविवारी खिशात ४० रुपये होते आणि मेस बंद होती. खोलीतल्या एकाकडून ५०० उसने घेऊन तो पुणे स्टेशनला आला, महाराष्ट्र एक्सप्रेसच्या जनरल डब्यात शिरला, बडनेऱ्याला उतरून एसटीने घरी.

पगाराला सहा दिवस बाकी होते.

"घरी का नाही मागितले?"

"दुबार पेरणी होती, मॅडम."

मग माझ्या लक्षात आलं. त्या वर्षी जूनच्या मध्यात पाऊस गेला तो गेलाच. पहिलं बियाणं जमिनीत जळलं. बाप दुसऱ्यांदा सरकीच्या पिशव्या उधारीवर आणत होता आणि पोरगा फोनवर रोज 'सगळं बरोबर आहे' सांगत होता. पुढच्या वेळी आई आली तेव्हा ती म्हणाली, "त्या हप्त्यात त्यानं मले तीनदा इचारलं, माय, जेवली का? मले तवाच खटकलं होतं." तिला खटकलं होतं, पण घरात बोलायची सोय नव्हती.

माझ्याकडे परत आलेली पोरं आठवून पाहिली तर कामाला कंटाळून आलेली त्यात कमीच. पहिल्या दिवसापासून पहिल्या पगारापर्यंत जो महिना-सव्वा महिना जातो, त्यात बहुतेकांचं मोडतं. राहणं, खाणं, आजारपण हे सगळं त्याच दिवसांत येतं आणि पैसा मात्र नसतो. मेळाव्यात पगाराचा आकडा मोठ्याने सांगतात. तो कोणत्या तारखेला हातात पडणार हे कोणी सांगत नाही आणि पोरगं विचारत नाही, कारण पगाराबद्दल विचारणं आगाऊपणाचं वाटतं.

सुरजच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी निघाल्या. तापाचे ३५० त्याने खिशातून दिले, पण त्याचं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, पहिल्या दिवसापासून लागू होतं. ईएसआयच्या दवाखान्यात त्याला फुकट उपचार मिळाले असते. हा विमा नंबर काय असतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, रुजू होताना त्याने पंधरा सह्या केल्या होत्या तेवढ्याच. दुसरं म्हणजे, सोडून आलो म्हणजे पैसे बुडाले असं तो धरून चालला होता. केलेल्या दिवसांचा पगार बुडत नाही, तो कायद्याने मिळायलाच हवा. बँकेत जाऊन पासबुक भरून आणायला सांगितलं. कंपनीने उघडून दिलेल्या खात्यात १० जुलैलाच साडेसहा हजारांच्या वर रक्कम पडली होती. एटीएम कार्ड मात्र महाळुंग्याच्या खोलीच्या पत्त्यावर गेलेलं. चाकणहून येणारे फोन तो महिनाभर उचलत नव्हता, ५०० मागतील म्हणून. पैसे मिळताच पहिलं काम त्याने ते फेडायचं केलं आणि कार्डही त्याच मित्राने कुरिअरने पाठवलं.

वडिलांशी बोलणं त्यामानाने सोपं गेलं. शेतकऱ्याला शेतीचीच उपमा देऊन समजावण्याचा मोह मी आवरते, त्याला शेती आपल्यापेक्षा जास्त कळते. पोराने मांडलेला तो कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. "मले फोन करता येत नव्हता का लेका?" एवढंच म्हणाले, आणि आवाजात राग नव्हता. दोन वर्षं पुण्यात टिकलेल्या त्या शेजारच्या पोराचे मामा पिंपरीत राहतात, पहिले तीन महिने तो मामाकडेच जेवत होता, हेही त्याच वेळी त्यांना आठवलं.

पुढे काय, यावर आम्ही तिघं बसलो. पर्याय तीन होते. पुन्हा पुणे. किंवा महावितरणमध्ये अप्रेंटिस: आयटीआय झालेल्या इलेक्ट्रिशियनना तिथे घेतात, विद्यावेतन मिळतं, पण ते शिकाऊपण असतं. पीएफ नाही आणि वर्ष संपल्यावर नोकरीची हमीही नाही. हे बापाला दोनदा सांगावं लागलं, कारण 'महावितरण' ऐकताच त्यांच्या डोक्यात सरकारी नोकरीच आली. तिसरा पर्याय नागपूरजवळची बुटीबोरी एमआयडीसी. पगार चाकणपेक्षा फारसा वेगळा नाही, पण सुटीला घरी येता येतं आणि मेंटेनन्समध्ये जागा निघत होती, म्हणजे हातातली विद्या वापरायला मिळणार होती. सुरजने बुटीबोरी निवडलं. माझं मत अप्रेंटिसकडे झुकत होतं, ते मी सांगितलंही. पण घरात त्या वर्षी रोख पैशाची निकड होती, आणि निर्णय त्याचा होता.

तो पोळा करून गेला. जाण्यापूर्वी ठरलं ते असं: दोन महिने पुरेल एवढी रक्कम बाजूला काढायची, निम्मी त्याच्याजवळ आणि निम्मी आईच्या खात्यात. मागायची वेळ आली तर कारण सांगायचं नाही, फक्त आकडा सांगायचा. मूळ मार्कशीट ठेकेदाराकडे ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायची. नोकरी लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर तिथूनच परत यायचं. आणि फवारणी असो की कापूस वेचणी, बापाने 'ये चार दिवस' असा फोन पहिले सहा महिने करायचा नाही. ही शेवटची अट वडिलांना जड गेली. पण चार दिवस म्हणून आलेला पोरगा दहा दिवस राहतो आणि तिकडे त्याच्या जागी दुसरा उभा असतो, हे त्यांनी गावात पाहिलं होतं.

एक वाक्य आम्ही माझ्या खोलीत मोठ्याने म्हणून पाहिलं: "साहेब, हे मले समजलं नाही, एकदा करून दाखवा ना." त्याने विचारलं, 'मले' ऐवजी 'मला' म्हणू का? मी म्हटलं, जे तोंडात बसतं ते म्हण, पण हसणाऱ्यांकडे न पाहता साहेबाकडे पाहून म्हण. पहिल्या दोन वेळा त्याचा आवाज भिंतीपर्यंतही गेला नाही. मग गेला.

पहिला पूर्ण पगार झाला आणि वडिलांचा फोन आला, तापलेले. "पंधरा हजाराच्या गोष्टी केल्या अन् बारा हजार दिले. ठेकेदारानं अडीच हजार खाल्ले, मॅडम!" स्लिपचा फोटो मागवला. एकूण १४,८००. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १२,०००, त्याच्या १२ टक्के पीएफ म्हणजे १,४४०. ईएसआय एकूण पगारावर पाऊण टक्का, १११. व्यवसाय कर २००, जो फेब्रुवारीत ३०० कापतात. कँटीनचे ६००. हातात १२,४४९. खाल्लं कोणीच नव्हतं. १,४४० त्याच्याच नावावर जमा होते आणि मालकाला तेवढाच वाटा आपल्याकडून घालावा लागतो. फक्त ते खरंच जमा होतात का, हे दर महिन्याला उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडून पाहायचं. कापून न भरणारे ठेकेदारही मी पाहिले आहेत. चाकणला मिळालेला पीएफचा बारा आकडी यूएएन नंबर त्याने जपला नव्हता, तो आधारवरून शोधून इथे जोडावा लागला. हा नंबर नोकरी बदलली तरी बदलत नाही, नवा काढू देऊ नये.

सगळ्यांनाच मी टिकून राहा म्हणत नाही. त्याच सुमारास एक मुलगी आली होती, अमरावतीकडे एका ठिकाणी कामाला. दोन महिने पगार नाही, स्लिप नाही, नेमणुकीचं पत्र नाही, आणि घरचे म्हणत होते, 'थोडं सहन कर.' तिला मी सोड म्हटलं आणि कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्यायचा अर्ज तिच्याबरोबर बसून लिहिला. वीस दिवसांत परत आलेल्या आणि दोन महिने फुकट राबलेल्या माणसाला एकच सल्ला लागू पडत नाही.

सुरजला बुटीबोरीत आता वर्ष होत आलं. मधे एकदा आईच्या खात्यातल्या पैशांना हात लागला, कारण कोणी विचारलं नाही. परवा वडील पुन्हा आले, यावेळी एकटेच, आणि प्रश्न नवा होता. "बाजूच्या कंपनीवाला हजार रुपये जास्त देऊन राहिला म्हणते. जाऊ देऊ का त्याले?"

मी म्हटलं, जाऊ द्या, पण नवं नेमणूकपत्र हातात आल्यावर. ते कोणाच्या पेरोलवर आहे ते वाचायचं. जुन्या ठिकाणी नोटीस जितक्या दिवसांची लिहिली आहे तितकी द्यायची, सोडल्याचं पत्र घ्यायचं, आणि नवीन जागी पगाराची तारीख कोणती ते पहिल्या दिवशी विचारायचं.

"तारीख त्यानं इचारली," ते म्हणाले. "सात तारीख आहे."