जनुकच नसेल, तर आरएनएवरचे औषध कशावर काम करते?

प्रश्न : माझ्या बहिणीच्या १० महिन्यांच्या बाळाला स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी (स्नायू दुबळे होत जाणारा आनुवंशिक आजार) असल्याचे निदान झाले आहे. अहवालात एसएमएन१ जनुकाच्या शून्य आणि एसएमएन२च्या तीन प्रती असल्याचे म्हटले आहे. औषध आरएनएवर काम करते, असे डॉक्टर सांगतात. मूळ जनुकच नसताना आरएनए येणार कुठून? आणि हे औषध आयुष्यभर घ्यावे लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून उतरवलेली नक्कल, येतो तो एसएमएन२कडून. पाचव्या गुणसूत्रावर एसएमएन१च्या शेजारीच असलेले हे जनुक त्याची जवळजवळ हुबेहूब प्रत आहे. मात्र सातव्या एक्सॉनमध्ये (एक्सॉन म्हणजे जनुकाचा अंतिम आरएनएत ठेवला जाणारा तुकडा) एका ठिकाणी ‘सी’ऐवजी ‘टी’ हे अक्षर आले आहे. या बदलाने प्रथिनातले एकही अमिनो आम्ल बदलत नाही. तरीही जनुकावरून उतरवलेल्या आरएनएचे तुकडे जोडले जात असताना, म्हणजे स्प्लायसिंगच्या वेळी, बहुतेकदा सातवा एक्सॉनच वगळला जातो आणि तयार होणारे अपुरे प्रथिन लवकर नष्ट होते. एसएमएन२पासून पूर्ण लांबीचे प्रथिन मिळते ते साधारण दहा टक्के, आणि स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशींना तेवढे पुरत नाही.

सातव्या एक्सॉनला लागून असलेल्या आरएनएच्या एका छोट्या पट्ट्यावर काही प्रथिने बसतात आणि तो एक्सॉन वगळायला भाग पाडतात, हे २००६ साली अमेरिकेत दाखवले गेले. कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेतील एड्रियन क्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पट्ट्याला चिकटून त्या प्रथिनांची वाट अडवणारा, अवघ्या १८ अक्षरांचा कृत्रिम रेणू विकसित केला. तोच न्यूसिनर्सेन, अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६मध्ये मान्यता मिळाली. रोज तोंडाने घ्यायचे रिसडिप्लाम २०२० साली आले. तेही वेगळ्या मार्गाने सातवा एक्सॉन आरएनएत टिकवते. जनुकाच्या एका अक्षराचा परिणाम आरएनएच्या पातळीवर परतवता येतो, ही मला वैद्यकातली फार मोठी घटना वाटते.

या औषधांनी डीएनए बदलत नाही आणि नवा आरएनए सतत तयार होत राहतो, म्हणून ती चालूच ठेवावी लागतात. न्यूसिनर्सेन पाठीच्या मणक्यातून देतात; सुरुवातीच्या चार मात्रांनंतर ते दर चार महिन्यांनी द्यावे लागते. एसएमएन२च्या तीन प्रती असणे त्यातल्या त्यात अनुकूल असले, तरी तेवढ्यावरून बाळाच्या प्रगतीचे भाकीत कोणी करू नये. मेलेल्या चेतापेशी कोणत्याही औषधाने परत येत नाहीत, त्यामुळे उपचाराचा निर्णय लांबवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक सांगतो. बाळाचे आईवडील बहुधा दोघेही वाहक, म्हणजे एसएमएन१ची एकच चांगली प्रत असलेले, असतील आणि तसे असेल, तर पुढच्या प्रत्येक गर्भारपणात हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. बहीण वाहक असेल, तर तुम्हीही असण्याची शक्यता साधारण निम्मी आहे. वाहकाला स्वतःला काहीच त्रास होत नसल्याने हे रक्ततपासणीशिवाय कळत नाही. म्हणून तुमच्या घरात मूल होण्याचा विचार असेल, तर आधी जनुकीय समुपदेशकांना भेटून ती करून घ्या.