काळ्या गाडीवर क्ले बार : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी गाडी काळी ठिक्कर आहे. दर आठवड्याला धुतो, दिसायला चकाचक दिसते पण बोनेटवर हात फिरवला की बारीक रवाळ लागतं. क्ले बार आणून ठेवलाय, पण डबीतून बाहेर काढायची हिंमत होत नाहीये, काळ्या रंगावर म्हणे लगेच ओरखडे पडतात. पहिल्यांदाच करणाऱ्याने सुरुवात कुठून करायची?

उत्तर : भीती रास्त आहे आणि ती थोडी असलेलीच बरी, कारण बिनधास्त घासत सुटणाऱ्यांच्या काळ्या गाड्या मी पाहिल्यात आणि वाईट वाटतं बघून. क्ले बार म्हणजे धुऊनही न निघणारी, रंगावर चिकटलेली घाण ओढून काढणारी मळता येणारी वडी. हा क्ले हाताला मऊ लागतो म्हणून तो निरुपद्रवी आहे असं वाटतं, पण त्याच्या पोटात बारीक घासणारे कण असतात. तदाओ कोदाते या जपानी माणसाच्या नावावर याचं जे अमेरिकन पेटंट १९९५ साली निघालं, त्याच्या नावातच 'लवचिक ग्राइंडिंग स्टोन' असं म्हटलंय, म्हणजे घासायचा दगडच, फक्त वाकणारा. आणि तो तुम्ही फिरवणार कशावर, तर साधारण ४०-५० मायक्रॉनच्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, जो डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. ओरखडे पांढऱ्या गाडीवरही तेवढेच पडतात हो, पण तिथे सगळा पत्राच उजेड परत फेकतो म्हणून ते मिसळून जातात. काळा रंग उजेड गिळून टाकतो आणि ओरखड्याची कडा तेवढी चमकत राहते, म्हणून उन्हात कोळ्याचं जाळं दिसतं.

त्यामुळे काळ्या गाडीवर माझं धोरण एकच, क्लेला जितकं कमी काम उरेल तितकं चांगलं. आधी गाडी नीट धुवा, मग सावलीत, पत्रा गार असताना आयर्न रिमूव्हर मारा. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसलेले असतात, त्यांच्यावर हे पडलं की दोन-तीन मिनिटांत जांभळे ओघळ यायला लागतात, पहिल्यांदा बघताना माणूस दचकतोच. वास सडक्या अंड्यासारखा येतो, म्हणून मोकळ्या हवेत आणि हातमोजे घालूनच करा, आणि वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुऊन टाका. खालच्या बाजूला डांबराचे ठिपके असतील तर ते टार रिमूव्हरने. एवढं केल्यावर अर्ध्याहून जास्त खरखर बऱ्याचदा तिथेच संपते.

मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि ओल्या पत्र्यावरून अगदी हलक्या बोटांनी फिरवा. उघड्या हाताला जे कळत नाही ते पिशवीतून स्पष्ट कळतं, बारीक रवा पसरल्यासारखं. जिथे असं लागेल तिथेच क्ले. छप्पर गुळगुळीत लागलं तर छपराला क्ले लावायचाच नाही, पूर्ण गाडी केलीच पाहिजे असा काही नियम नाहीये.

क्ले फाइन ग्रेडचाच घ्या, मीडियमचं काळ्या गाडीवर नवशिक्याला काही काम नाही. सगळी वडी एकदम वापरू नका, तीन-चार तुकडे करा म्हणजे एक वाया गेला तरी बाकीचे शिल्लक राहतात. एक तुकडा कोमट पाण्यात ठेवून मळा आणि चपटी टिक्की करा. पहिला हात मारायचा तो पुढच्या काचेवर, काच रंगापेक्षा खूप कडक असते आणि क्ले अडकतो कसा, सुटतो कसा हे तिथे बोटांना कळून जातं. मग नवीन तुकडा घेऊन पत्र्यावर या. दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्या, त्यावर ल्युब्रिकंट (क्ले अलगद सरकावा म्हणून मारायचा फवारा) अक्षरशः ओघळेपर्यंत मारा, टिक्कीवरही मारा, आणि बोटं सपाट ठेवून सरळ रेषेत पुढे-मागे न्या. गोल गोल फिरवू नका, कारण गोल ओरखडा कुठूनही उजेड पडला तरी चमकतो. दाब अजिबात द्यायचा नाही, बोटं फक्त टिक्की घसरू नये म्हणून ठेवायची.

आणि कान उघडे ठेवा. सुरुवातीला बारीक खर्र असा आवाज येतो, हाताला किंचित अडल्यासारखं होतं, पाच-सहा फेऱ्यांत आवाज बंद होतो आणि टिक्की पाण्यावर सरकल्यासारखी जायला लागते. झालं, त्याच क्षणी थांबायचं, पुढची प्रत्येक फेरी फुकट ओरखडे देते. टिक्की उलटून बघा, तपकिरी पट्टा दिसेल, ती घडी घालून पुन्हा मळा आणि स्वच्छ बाजू वर घ्या. घडी घालायचा कंटाळा केला तर तीच निघालेली घाण तुम्ही पुढच्या भागावर घासत बसता. दरवाजांचा खालचा भाग आणि चाकांजवळचा पत्रा सगळ्यात शेवटी, सगळी घाण तिथेच असते.

प्रश्न : ल्युब्रिकंट लवकर संपतं. नुसतं पाणी किंवा भांड्यांचा साबण चालेल का?

उत्तर : नुसतं पाणी नको, अगदी कळकळीने सांगतो. माझ्या पहिल्या काळ्या गाडीच्या वेळी बाटली अर्ध्यात संपली आणि उरलेली बोनेट मी पाण्यावर केली. तेव्हा काही दिसलं नाही, संध्याकाळी दिव्याखाली बघितलं तर अर्धी बोनेट आरशासारखी आणि अर्धी धुरकट, मधली सीमारेषासुद्धा दिसत होती. ती हाताने पॉलिश करण्यात माझे दोन रविवार गेले. बादलीत कार शॅम्पू कालवून वापरला तर चालतो, पण क्ले चिकट किंवा भुसभुशीत व्हायला लागला तर तो शॅम्पू त्याला मानवत नाही, बदला. भांड्यांचा साबण या कामासाठी बनलेला नाहीये, तो नकोच. आणि मारलेलं ल्युब्रिकंट वाळायला लागलं की हात थांबवा, पुन्हा मारा, मगच पुढे.

प्रश्न : क्ले केल्यावर बोनेटवर हलकी धूसर छटा आलीये. रंग गेला का?

उत्तर : रंग गेलेला नाही, घाबरू नका. क्लिअर कोटच्या वरच्या थरात अगदी बारीक रेघा पडल्यात, त्या सगळ्या मिळून धुरकट दिसतायत. काळ्या गाडीवर काळजी घेऊनही थोडं हे होतंच, म्हणून क्लेचा दिवस ठरवतानाच पॉलिशसाठी वेळ राखून ठेवा. आधी मायक्रोफायबरने नीट पुसून खात्री करा, कधी कधी तो ल्युब्रिकंटचा वाळलेला थर असतो आणि पुसल्यावर जातो. तरी राहिलं तर फाइन फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम पॅड, आधी एका छोट्या चौकोनात करून बघा. वरून वॅक्स लावून झाकायचा मोह होईल, पण वॅक्स चार धुण्यांत उतरतं आणि धूसरपणा परत दिसतो.

प्रश्न : टिक्की हातातून जमिनीवर पडली, धुऊन वापरू का?

उत्तर : नाही. फेकून द्या. एक वाळूचा कण आत राहिला तरी काळ्या पत्र्यावर लांबलचक रेघ ओढेल.

प्रश्न : क्लेने स्वर्ल मार्क (उन्हात जाळ्यासारखे दिसणारे बारीक ओरखडे) आणि पाण्याचे डाग जातील का? आणि वर्षातून किती वेळा करायचं?

उत्तर : स्वर्ल मार्क जाणार नाहीत, क्ले पृष्ठभागावर चिकटलेलं काढतो आणि ओरखडा पृष्ठभागाच्या आत असतो. पाण्याचे डाग वरवरचे असतील तर थोडे फिके होतील, कोटमध्ये खड्डा पडला असेल तर पॉलिशच लागेल. किती वेळा, याला कॅलेंडर लावू नका, पिशवी फिरवून बघा आणि खरखर असेल तरच करा. नीट धुतल्या जाणाऱ्या गाडीला वर्षातून एकदा बहुतेक पुरतं. क्ले केला की जुनं वॅक्स किंवा सीलंटही बरंचसं निघून जातं, पत्रा उघडा पडतो, म्हणून त्याच दिवशी नवीन थर लावूनच गाडी बाहेर काढा. गाडी मॅट काळी असेल तर मात्र यातलं काहीच करू नका, क्ले घासून तिथे चकाकणारे पट्टे पडतात आणि ते पुन्हा मॅट करता येत नाहीत.