२० अमिनो आम्लं घोकण्याआधी

सूत्रं पाठ करायची घाई करू नकोस. अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनाच्या लांब साखळीतले मणी. आधी प्रत्येक अमिनो आम्लाची बाजूची साखळी, म्हणजे त्या मण्याला लटकलेला अणूंचा गट, पाण्यात रमते की पाणी टाळते, एवढंच बघ. प्रथिनाची घडी बरीचशी त्यावरच बसते.

रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं प्रथिन, हिमोग्लोबिन घे. त्याच्या साखळ्यांपैकी बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. सहाव्या जागी पाण्यात रमणाऱ्या ग्लुटामिक आम्लाऐवजी पाणी टाळणारं व्हॅलिन आलं, की पृष्ठभागावर पाणी टाळणारा ठिपका तयार होतो. ऑक्सिजन सोडल्यावर हे रेणू तिथून एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब तंतू होतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. एवढ्याशा बदलाने! हे कळलं त्या दिवसापासून मला प्रथिनांची खरी ओढ लागली.

प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहात हिमोग्लोबिनची ही रचना मोफत मिळते. स्क्रीनवर फिरवून ती सहावी जागा स्वतः शोध. पेशीपटलातल्या लिपिडांना, म्हणजे चरबीसारख्या रेणूंनाही हेच पाण्याचं गणित लागू पडतं.