बर्फातला पहिला मुक्काम
तुम्ही दोघं पहिल्यांदाच बर्फात मुक्काम करताय, म्हणून आधी झोपेचं सांगते. थंडी वरून लागते त्याहून जास्त खालून लागते. तंबूची जागा स्नोशू (पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालूनच तुडवून घट्ट करा, अंगाखाली दोन मॅट घाला. पाण्याची बाटली उलटी ठेवा; पाणी वरून गोठत जातं, म्हणून झाकण मोकळं राहतं. आम्ही सरळ ठेवली होती, सकाळी झाकण फिरेचना.

हिवाळा सरताना दुपारी बर्फ भुसभुशीत होतो, पाय रुततात. पहाटेच निघा. 30 ते 45 अंशांचे उतार टाळाच, हिमस्खलनं बहुतेक तिथेच होतात. बंद तंबूत स्टोव्ह अजिबात नको. आणि एकाला जरी परतावंसं वाटलं तरी दोघांनी परतायचं, हे घरूनच ठरवून निघा.